क्लचचं पेडल गेलं, क्लच आहेच

दोनच पेडल दिसली की लोक म्हणतात, गाडी ऑटोमॅटिक आहे. दर वेळी ते खरं नसतं. काही गाड्यांत गिअर चालकालाच टाकावा लागतो. क्लच सोडण्याचं आणि पकडण्याचं काम तेवढं यंत्राकडे असतं.

क्लच लागतो दोन वेळा. गाडी जागेवरून हलवताना चाकं शून्यापासून सुरू होतात, पण इंजिन फार हळू फिरलं तर बंद पडतं. दोघांच्या वेगातला फरक क्लच घसरत घसरत भरून काढतो. दुसरी वेळ गिअर बदलताना. दातांवर इंजिनाचा ताण असेल तर गिअर सहज सुटत नाही.

पहिल्या अडचणीवरचा केंद्रोत्सारी क्लच हा उपाय मला विलक्षण सुंदर वाटतो. इंजिनाच्या दांड्यावर स्प्रिंगने आत ओढून धरलेले शू, म्हणजे घर्षणाचं अस्तर लावलेले तुकडे, आणि त्यांच्याभोवती गिअरबॉक्सकडे जाणारा ड्रम. दांडा वेगाने फिरला की शू बाहेर सरकून ड्रमला भिडतात. त्यांना बाहेर रेटणारा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. समजा, मिनिटाला 1500 फेऱ्यांना शू ड्रमला जेमतेम टेकले. म्हणजे त्या क्षणी हा जोर स्प्रिंगच्या ओढीएवढा झाला. सुमारे 2100 फेऱ्यांना तो दुप्पट होतो, 3000 फेऱ्यांना चौपट. चारातला एक भाग स्प्रिंगला तोलण्यात जातो, उरलेले तीन ड्रमवर दाब देतात. आता चढावर बोजा वाढून इंजिन मंदावलं, तर पकडही आपोआप ढिली होते, आणि बंद पडण्याआधी इंजिन सावरतं. हे सगळं सेन्सरशिवाय, संगणकाशिवाय!

पण धावत्या गाडीत इंजिन जोरात फिरत असतं, शू ड्रमला घट्ट धरून बसतात. मग गिअर बदलायचा कसा? 1958 च्या होंडा सुपर कब या दुचाकीमध्ये गिअरचा पायखटकाच दाबताना आधी क्लच सोडवतो, मग गिअर बदलतो. त्याच दशकात जर्मनीत आलेल्या सॅक्सोमॅट या मोटारींच्या क्लच यंत्रणेत गिअरच्या दांड्यावर विजेचा स्विच होता. दांडा धरला की इंजिनाच्या हवा ओढण्यातून मिळणारी निर्वात पोकळी क्लच खेचून उघडायची. अशा गाडीत दांड्यावर सहज हात ठेवण्याची सवय महागात पडते, कारण क्लच विनाकारण सुटतो.

साब या स्वीडिश मोटार कंपनीच्या सेन्सॉनिक यंत्रणेने 1990 च्या दशकात हे काम संगणक आणि विजेच्या मोटरकडे दिलं. होंडाने 2023 मध्ये मोटरसायकलसाठी जाहीर केलेल्या ई-क्लचमध्येही मोटरच आहे, शिवाय हँडलवरचा क्लच लिव्हर कायम ठेवलाय. त्यामुळे क्लच न दाबता गिअर बदलणं ही आजची क्रांती असल्याची जाहिरात वाचली की मला राग येतो. यंत्र जास्त अचूक झालं हे खरं, पण कल्पना साठ वर्षांहून जुनी आहे.

असा क्लच झिजत नाही, ही समजूतही चुकीची. चढावर नुसत्या अॅक्सिलरेटरवर गाडी तोलून धरली, तर इंजिनाची ताकद घर्षणाने उष्णता होऊन क्लचमध्येच साठते, आणि क्लचचं अस्तर जळतं. तिथे ब्रेकच लावायचा.