वेब होस्टिंग सेवेची निवड

संकेतस्थळाच्या फाइली, डेटाबेस आणि बहुधा ईमेलही इंटरनेटला सतत जोडलेल्या सर्व्हरवर सांभाळण्याच्या सेवेस वेब होस्टिंग म्हणतात. डोमेन नावाची, म्हणजे संकेतस्थळाच्या पत्त्याची, नोंदणी ही वेगळी बाब असून ती होस्टिंग कंपनीकडेच करावी असे बंधन नाही. नावाची नोंदणी स्वतंत्र ठेवल्यास पुढे होस्टिंग बदलणे सुकर होते.

या सेवेचा आरंभ कोठे मानावा हे व्याख्येवर अवलंबून आहे. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांचा पहिला वेब सर्व्हर सर्न या युरोपीय अणुसंशोधन संस्थेतील नेक्स्ट संगणकावर १९९० च्या अखेरीस चालू झाला, पण तो संस्थेच्या स्वतःच्या कामासाठी होता. १९९४ मध्ये स्थापन झालेल्या आणि पुढे जिओसिटीज नावाने प्रसिद्ध झालेल्या सेवेने सामान्य वापरकर्त्यांच्या पानांना जागा दिली, म्हणून तेथून आरंभ धरता येतो. तथापि, स्वतःच्या डोमेन नावासह मिळणाऱ्या स्वस्त सामायिक (एका सर्व्हरवर अनेक संकेतस्थळे ठेवणाऱ्या) होस्टिंगचा विचार करता ब्राउझर व सर्व्हर यांच्या संवादाच्या एचटीटीपी या नियमावलीतील बदल हाच आरंभबिंदू मानणे अधिक सयुक्तिक ठरते. एचटीटीपी १.० मध्ये ब्राउझर सर्व्हरकडे केवळ पानाचा मार्ग पाठवी, कोणत्या संकेतस्थळाचे पान हवे हे त्यातून कळत नसे. त्यामुळे प्रत्येक संकेतस्थळास स्वतंत्र आयपी पत्ता (सर्व्हरचा इंटरनेटवरील अंकी पत्ता) द्यावा लागे, आणि आयपीव्ही४ पद्धतीत असे पत्ते एकूण सुमारे ४२९ कोटीच आहेत. जानेवारी १९९७ मधील आरएफसी २०६८ या दस्तऐवजाने, म्हणजे एचटीटीपी १.१ ने, प्रत्येक विनंतीत संकेतस्थळाचे नाव सांगणारे ‘होस्ट’ हेडर (विनंतीच्या आरंभीची माहितीची ओळ) अनिवार्य केले आणि एकाच पत्त्यावर शेकडो संकेतस्थळे नांदू लागली. काही ब्राउझर हे हेडर त्याआधीच पाठवीत असल्याने एका वर्षावर बोट ठेवण्याऐवजी १९९० च्या दशकाचा मध्य म्हणणे सुरक्षित होय. सुरक्षित (एचटीटीपीएस) जोडणीत मात्र संकेतस्थळाची ओळख पटवणाऱ्या प्रमाणपत्राची देवाणघेवाण हेडरच्या आधी होत असल्याने हीच अडचण पुन्हा उभी राहिली. तिच्यावरील एसएनआय, म्हणजे जोडणी सुरू होतानाच संकेतस्थळाचे नाव कळवण्याचा, उपाय २००३ मध्ये प्रमाणित झाला, पण विंडोज एक्सपीवरील इंटरनेट एक्सप्लोरर तो मानत नसल्याने त्याचा प्रसार रेंगाळला. लेट्स एन्क्रिप्ट या प्रमाणपत्रे देणाऱ्या सेवेची मोफत प्रमाणपत्रे डिसेंबर २०१५ पासून सर्वांना खुली झाल्यावर, केवळ प्रमाणपत्रासाठी जास्त पैसे मागणारी योजना घेण्याचे कारण सहसा उरले नाही.

सामायिक योजनेत प्रोसेसर व मेमरी अनेकांत वाटली जाते. ‘अमर्याद’ जागेच्या योजनांतही फाइलींच्या संख्येवर मर्यादा असू शकते, ती करारात पाहावी. पहिल्या वर्षाच्या सवलतीपेक्षा नूतनीकरणाचा दर महत्त्वाचा मानावा. वाचकसंख्या वाढल्यावर व्हीपीएस (सर्व्हरचा स्वतःपुरता राखीव आभासी भाग) किंवा क्लाउडकडे (गरजेनुसार कमी-जास्त करता येणाऱ्या सर्व्हर-सेवेकडे) वळता येते.

सर्व्हरचे अंतरही परिणाम करते. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किमी. जातो, म्हणून १२,००० किमी. दूरच्या सर्व्हरकडे एक फेरी किमान १२० मिलिसेकंद घेते, आणि सुरक्षित पानाचा पहिला अंश येण्याआधी अशा साधारण तीन फेऱ्या होतात. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुणे, मुंबई व चेन्नई येथे आणि ॲमेझॉनने २०१६ मध्ये मुंबईत क्लाउड केंद्रे उघडल्यानंतर महाराष्ट्रातील वाचकांसाठी जवळचा पर्याय उपलब्ध झाला.

९९.९ टक्के उपलब्धतेच्या हमीतही वर्षाकाठी सुमारे पावणेनऊ तास सेवा बंद राहू शकते. त्याहून गंभीर प्रश्न राखीव प्रतींचा आहे. १० मार्च २०२१ रोजी स्ट्रासबुर्ग येथील ओव्हीएच कंपनीच्या केंद्रास लागलेल्या आगीत एक इमारत पूर्ण नष्ट झाली आणि ज्यांच्या राखीव प्रतीही त्याच आवारात होत्या अशा काही ग्राहकांचा डेटा कायमचा गेला. म्हणून पुरवठादार प्रती ठेवतो की नाही एवढे विचारून भागत नाही. त्या कोठे ठेवल्या जातात आणि संपूर्ण प्रत स्वतःकडे उतरवून घेता येते का, हे निवडीपूर्वीच तपासावे.

मराठी संकेतस्थळांच्या स्थलांतरात लिपीची अडचण विशेष जाणवते. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या संकेतपद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, तर मायएसक्यूएल या डेटाबेस प्रणालीत वेगळे न सांगितल्यास लागू होणारी संकेतपद्धती २०१८ मधील ८.० या आवृत्तीपर्यंत लॅटिन-१, म्हणजे पश्चिम युरोपीय अक्षरांपुरती, होती. जुन्या सर्व्हरवरील प्रत सेटिंग न जुळवता नव्या ठिकाणी चढवल्यास मजकुराची जागा प्रश्नचिन्हे किंवा निरर्थक चिन्हे घेतात. २०१४ पासून मिळणारे ‘.भारत’ डोमेन वापरावयाचे असल्यास पुरवठादाराचे नियंत्रण-पटल देवनागरी नाव स्वीकारते की त्याचे रोमन सांकेतिक रूपच भरावे लागते, हेही पाहावे लागते.