पार्श्वभूमी : शोगुनांचा जपान आणि उशिरा आलेले कुलूप

जपानविषयी काहीही वाचायला घ्या, दुसऱ्या-तिसऱ्या परिच्छेदात एक वाक्य हमखास भेटते : शोगुनांनी अडीचशे वर्षे देश जगापासून बंद ठेवला आणि १८५३ मध्ये अमेरिकी जहाजांनी तो उघडला. वाक्य अगदीच खोटे नाही. पण ज्यांनी देश ‘बंद’ केला म्हणतात, त्यांच्याकडे त्यासाठी शब्दच नव्हता. ‘साकोकु’, म्हणजे कुलूप घातलेला देश, हा शब्द घडला १८०१ मध्ये, त्या हुकुमांनंतर दीडशेहून अधिक वर्षांनी. आणि तोही एका परक्या माणसाच्या निबंधाचा अनुवाद करताना.

शोगुन म्हणजे सम्राटाच्या नावाने प्रत्यक्ष राज्य चालवणारा सेनापती, सामुराई म्हणजे लढवय्यांचा वर्ग, एवढे इथे पुरे. ११९२ ची कामाकुराची राजवट, तिच्यानंतरची क्योटोतली, मग शंभरेक वर्षांची यादवी, हेही ओलांडू. आपल्याला हवा तो काळ तोकुगावा घराण्याने जिंकलेल्या सेकिगाहाराच्या लढाईनंतरचा (१६००). १६०३ मध्ये तोकुगावा घराण्याकडे शोगुनपद आले आणि १८६७ पर्यंत, पंधरा पिढ्या नव्हे पण पंधरा शोगुन, तिथेच राहिले.

या राजवटीचा पाया वाटतो तितका भक्कम नव्हता. शोगुनाचा स्वतःचा खालसा मुलूख सुमारे ४० लाख कोकु उत्पन्नाचा (एक कोकु म्हणजे ढोबळमानाने एका माणसाला वर्षभर पुरेल इतका तांदूळ). बाकीचा बहुतेक देश अडीचशेहून अधिक दाइम्योंकडे, म्हणजे आपापला मुलूख सांभाळणाऱ्या सरदारांकडे. त्यांची फौज त्यांची, वसूलही त्यांचाच. शोगुन त्यांच्याकडून नियमित सारा घेत नसे. धाक ठेवला तो वेगळ्या युक्तीने. १६३५ पासून दाइम्योंनी आळीपाळीने एक वर्ष शोगुनाच्या एदोत (आजचे टोकियो) आणि एक वर्ष आपल्या मुलखात काढायचे. बायकामुले मात्र कायमची एदोत. सरळ बोलायचे तर ओलीस. या ये-जा करण्यात आणि एदोतले वाडे सांभाळण्यात दाइम्योंची तिजोरी रिकामी होत राहिली. त्याच पैशांवर हमरस्त्यांवरच्या सराया उभ्या राहिल्या आणि एदोची वस्ती अठराव्या शतकात दहा लाखांच्या घरात गेली. बंड करायला पैसा उरू नये ही व्यवस्था, आणि तिच्यातून बाजार फुलला. असे घडेल हे योजणाऱ्यांच्या ध्यानीमनी असेल असे वाटत नाही.

आता कुलुपाकडे. मुळात देश बंद करणारा एक असा कायदा नव्हताच. १६३३ ते १६३९ या काळात एदोतल्या वरिष्ठ मंडळाने नागासाकीच्या अंमलदारांना लागोपाठ हुकूम धाडले. त्यातला १६३५ चा हुकूम सर्वांत प्रसिद्ध. जपानी माणसाने परदेशी जायचे नाही. बाहेर स्थायिक झालेल्याने परत यायचे नाही, आला तर देहदंड. लपलेला पाद्री दाखवून देणाऱ्याला चांदीत बक्षीस. इथवर सगळे सांगतात. पण त्याच हुकुमात पुढे कच्च्या रेशमाचा भाव कसा ठरवायचा, माल कोणत्या शहरांच्या व्यापाऱ्यांत वाटायचा, परदेशी जहाजांनी कधीपर्यंत परत निघायचे, अशी कलमे आहेत. दार लावून आत बसणाऱ्याला रेशमाच्या भावाची उठाठेव कशाला?

या हुकुमांमागे ख्रिस्ती धर्माची भीती होती, यात वाद नाही. पोर्तुगीज १५४३ मध्ये तानेगाशिमा बेटावर पोचले. १५४९ मध्ये गोव्याहून निघालेला धर्मप्रसारक फ्रान्सिस झेवियर कागोशिमाला उतरला. आज ओल्ड गोव्यात ज्याच्या शवाच्या दर्शनाला रांगा लागतात, तोच हा. मने पालटायला लागली तसा राज्यकर्त्यांचा संशय वाढला. १५९७ मध्ये नागासाकीत २६ जणांना क्रुसावर मारले, तेव्हा तोकुगावा अजून सत्तेवर यायचे होते. त्या २६ जणांत वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया होते. १८६२ मध्ये त्यांना संतपद मिळाले. पुढे १६३७-३८ मध्ये शिमाबाराच्या शेतकऱ्यांनी करांविरुद्ध बंड केले, त्यात ख्रिस्ती खुणा दिसल्या आणि १६३९ मध्ये पोर्तुगीज जहाजांना कायमची बंदी झाली. विनवणी करायला १६४० मध्ये मकाऊहून आलेल्या शिष्टमंडळातल्या ६१ जणांची डोकी उडवली. निरोप पोचवायला थोड्यांना तेवढे जिवंत सोडले.

तरी धर्म हे अर्धेच कारण. दुसरे अर्धे कमी सांगितले जाते. १६०४ ते १६३५ या काळात शोगुनाचा लाल शिक्का असलेला परवाना घेऊन साडेतीनशेच्या आसपास जपानी जहाजे आग्नेय आशियाकडे गेली. या समुद्री व्यापाराची चटक नैर्ऋत्येकडच्या दाइम्योंना होती आणि सेकिगाहाराला शोगुनाविरुद्ध लढलेली मोठी घराणीही त्याच बाजूची. चांदी आणि तोफा त्यांच्या हाती लागू द्यायच्या नाहीत, हा हिशेब साधा होता. म्हणून व्यापार थांबवला नाही, त्याच्या किल्ल्या हाती घेतल्या. मुळात पोर्तुगीजांसाठी भराव घालून केलेल्या देजिमा या चिमुकल्या बेटावर १६४१ मध्ये डचांना आणून बसवले. चिनी व्यापारी नागासाकीतच होते, डचांपेक्षा कितीतरी जास्त संख्येने. १६८९ पासून त्यांचीही वेगळी कुंपणबंद वस्ती झाली. कोरियाशी व्यवहार त्सुशिमाच्या दाइम्योकडे, र्‍युक्यु बेटांशी सात्सुमाकडे, उत्तरेच्या ऐनु लोकांशी मात्सुमाएकडे. अशी चार दारे. आजचे अनेक जपानी इतिहासकार म्हणूनच ‘साकोकु’ऐवजी चिनी धर्तीचा ‘काइकिन’, म्हणजे समुद्रबंदी, हा शब्द पसंत करतात. माझेही मत त्याच बाजूला झुकते. कुलूप म्हटले की चौकीदार दिसत नाही, आणि इथे तर सगळा खेळ चौकीदाराचा होता.

कोरियाच्या दारात तर शब्दांचाच घोळ झाला. शोगुनाने कोरियाच्या राजाला पत्र लिहायचे ते काय म्हणवून? ‘राजा’ म्हणावे तर चीनच्या बादशहाचे मांडलिक ठरल्यासारखे, शिवाय क्योटोत सम्राट बसलेला. त्सुशिमाचे लोक मधल्यामध्ये पत्रांत फेरफार करून वेळ निभावत. १६३५ मध्ये हे उघडकीला आले आणि त्यानंतर ‘ताइकुन’ हे नवे बिरूद काढले. १७११ मध्ये कोरियाचे शिष्टमंडळ आले त्या वेळी एका सल्लागाराच्या आग्रहाखातर पुन्हा ‘राजा’ आले, पुढच्या वेळी परत ‘ताइकुन’. आपल्या वर्तमानपत्रांतले उद्योगजगताचे ‘टायकून’ ते हेच.

तर १८०१. देजिमावर १६९० ते १६९२ या काळात राहिलेल्या एका जर्मन वैद्याचा जपानवरचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर छापला गेला होता. त्याला जोडलेल्या निबंधात प्रश्न होता : जपानने परक्यांशी व्यवहार तोडला हे योग्य की अयोग्य? वैद्याचे उत्तर होते, योग्य! ज्या देशाला बाहेरून काही लागत नाही त्याने सुखाने आत राहावे. नागासाकीच्या एका माजी दुभाषाने डच आवृत्तीवरून निबंधाचा अनुवाद केला, लांबलचक मथळा जपानीत बसेना म्हणून ‘साकोकु-रोन’, म्हणजे कुलूपबंद देशावरचा निबंध, असे सुटसुटीत नाव दिले. हस्तलिखित हातोहात फिरले. म्हणजे ज्या शब्दाने आपण आज शोगुनांना दोष देतो, तो शब्द त्यांची भलावण करणाऱ्या निबंधातून आला.

तीनच वर्षांनी रशियाचा राजदूत नागासाकीला आला. त्याला सहा महिने ताटकळत ठेवून १८०५ मध्ये उत्तर मिळाले : कोरिया, र्‍युक्यु, चीन आणि हॉलंड यांच्यापलीकडे संबंध ठेवायचे नाहीत हा पूर्वजांचा दंडक आहे. पूर्वजांनी असे चार नावांचे बंधन कुठे घालून दिले नव्हते. सोयीच्या, प्रसंगोपात हुकुमांना आता परंपरेचे सोवळे नेसवले गेले. १८२५ मध्ये तर परदेशी जहाज दिसले की दुसरा विचार न करता हाकला, असा हुकूम निघाला. अफूच्या युद्धात चीनची दैना ऐकून १८४२ मध्ये तो सैल केला. बातमी कळत होती, कारण डच कप्तान दरवर्षी जगाच्या घडामोडींचा अहवाल देत असे. अमेरिकी आरमार येणार हेही डचांनी १८५२ मध्येच कळवले होते.

१८५३ च्या जुलैत चार जहाजे उरागाला आली. मुख्य कारभाऱ्याने अमेरिकी अध्यक्षाच्या पत्राचे भाषांतर करून सगळ्या दाइम्योंना मत विचारले. दोनशे वर्षांत असे कुणी विचारले नव्हते. १८५४ च्या तहात शिमोदा आणि हाकोदाते ही बंदरे खुली झाली. खरे भांडण पेटले १८५८ च्या व्यापारी तहावरून. कारभाऱ्यांनी क्योटोची संमती मागितली, दरबाराने नाकारली, आणि नव्या प्रमुखाने संमतीशिवाय सही करवली. या सहीला देशद्रोह म्हणणारे तेव्हा होते, दूरदृष्टी म्हणणारे आजही आहेत. मला त्यातली दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. १६३० च्या दशकात हुकूम काढताना क्योटोला कुणी विचारले नव्हते. उघडताना विचारले, आणि विचारून मोडले. ‘पूर्वजांचा दंडक’ एकदा पवित्र ठरवला की तो बदलायला अधिक पवित्र जागेचा आधार लागतो, आणि तो आधार शोगुनाच्या हातात नव्हता.

पुढचे भराभर घडले. विरोधकांची धरपकड झाली. १८६० च्या मार्चमध्ये बर्फ पडत असताना त्या प्रमुखाला एदो किल्ल्याच्या साकुरादा दाराबाहेर ठार केले. जपानात सोन्याची किंमत चांदीच्या पाचपट, बाहेर पंधरापट, त्यामुळे बंदरे उघडताच सोने वाहून गेले आणि नाणी बदलल्यावर महागाई भडकली. १८६२ मध्ये दाइम्योंच्या हजेरीचा नियम सैल झाला, बायकामुले आपापल्या गावी परतली. १८६३ मध्ये शोगुन क्योटोला गेला. याआधीचा शोगुन तिथे गेला होता तो १६३४ मध्ये, तीन लाखांच्या आसपास लवाजमा घेऊन, ऐट दाखवायला. आता हजेरी द्यायला. चार वर्षांनी त्याच्यानंतरच्या शोगुनाने सम्राटाला पदच परत केले.

याच धामधुमीत ‘बाकुफु’ हा शब्दही रुळला. अर्थ, सेनापतीची रणांगणावरची राहुटी. त्याआधी लोक एदोच्या सरकारला ‘कोगी’, म्हणजे सार्वजनिक सत्ता, म्हणत. राहुटी म्हटले की ती कुणीतरी नेमलेली, तात्पुरती, उठवता येण्याजोगी ठरते. विरोधकांना हेच म्हणायचे होते. ‘हान’ हे दाइम्योंच्या मुलखाचे नाव तर सरकारदरबारी १८६८ नंतरचे, आणि १८७१ मध्ये ते मुलूखच बरखास्त झाले.

२०१७ च्या फेब्रुवारीत जपानच्या शालेय अभ्यासक्रमाच्या मसुद्यातून ‘साकोकु’ वगळून ‘बाकुफुचे परराष्ट्र धोरण’ असे लिहिले गेले. ओरड झाली, आणि मार्चअखेरच्या अंतिम प्रतीत ‘साकोकु’ परत आला. सामुराई, शेतकरी, कारागीर, व्यापारी अशी चार वर्णांची उतरंड सांगणारा ‘शि-नो-को-शो’ हा शब्द मात्र त्याआधीच पाठ्यपुस्तकांतून उतरवला गेला होता. त्याच्यासाठी फारसे कुणी भांडले नाही.