सर्व्हर मंदावला, तर रीस्टार्टच्या आधी
(डेटाबेस सर्व्हरचा सीपीयू व मेमरी यांविषयी ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

डिसेंबरच्या हंगामात पणजी-कळंगुटच्या हॉटेलांतून आणि महिनाअखेरीस म्हापसा-मडगावच्या वितरकांकडून आम्हांला एकच तक्रार येते: सीपीयू शंभर टक्क्यांना टेकला आहे, मेमरी भरली आहे आणि बिले निघत नाहीत. त्यापाठोपाठ बहुतेक जण सांगतात, की सर्व्हर रीस्टार्ट करून पाहिला आहे. आमचा सर्वाधिक वेळ जातो तो इथेच.

मेमरीविषयी थोडक्यात. एसक्यूएल सर्व्हर (मायक्रोसॉफ्टचे डेटाबेस सॉफ्टवेअर) एकदा वाचलेला डेटा पुन्हा डिस्ककडे जावे लागू नये म्हणून मेमरीत राखून ठेवतो आणि विंडोजला गरज पडेपर्यंत ती सहसा सोडत नाही. म्हणून भरलेली मेमरी हा एवढ्यावरून दोष ठरत नाही. एसक्यूएल सर्व्हरने किती मेमरी घ्यावी याची कमाल मर्यादा मुळात जवळजवळ नसल्यासारखीच असते. ती आम्ही बसवतानाच घालून देतो. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेस सॉफ्टवेअरचे उलट आहे: त्याचा बफर पूल (वाचलेला डेटा राखण्याची मेमरीतील जागा) मुळात अवघा १२८ एमबी असतो, त्यामुळे ३२ जीबीच्या यंत्रावरही तो वाढवल्याशिवाय उपयोग होत नाही.

सीपीयू चढण्यामागे बहुधा एखादी क्वेरी, म्हणजे डेटाबेसकडे केलेली माहितीची मागणी, असते. पाहुण्याच्या फोन क्रमांकावर इंडेक्स (पुस्तकामागील सूचीसारखी शोधसूची) नसेल, तर प्रत्येक शोधासाठी संपूर्ण टेबल वाचले जाते. काही हजार नोंदी असेपर्यंत हे कुणाच्या लक्षात येत नाही, पण लाखो नोंदी साठल्यावर चार काउंटरांवरून एकाच वेळी शोध सुरू झाला, की सीपीयूला उसंत मिळत नाही. अशा वेळी रॅम वाढवण्याचा खर्च सहसा वाया जातो, कारण टेबल आधीच मेमरीत असते आणि वेळ जातो तो ते वाचण्यात.

रीस्टार्ट केल्याने ही क्वेरी थांबते, पण तिचा मागही पुसला जातो, कारण एसक्यूएल सर्व्हरची क्वेरींची आकडेवारी आणि साठवलेले प्लॅन (क्वेरी कशी चालवायची याचे आराखडे) मेमरीतच असतात. शिवाय रिकाम्या मेमरीने सुरुवात होत असल्याने पहिला काही वेळ काम अधिकच संथ चालते, आणि एखादा मोठा व्यवहार अर्धवट राहिला असेल, तर तो पूर्ववत होईपर्यंत डेटाबेस खुला व्हायला विलंब लागू शकतो. पाच मिनिटांत सुटणाऱ्या कामाला आम्ही इतके प्रश्न का विचारतो, असे काही ग्राहक म्हणतात. मात्र त्या पाच मिनिटांनंतर तीच तक्रार दुसऱ्या दिवशी परत येते, आणि पुन्हा यायचे शुल्कही तेच ग्राहक भरतात.

म्हणून आधी टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूच्या क्रमाने यादी लावून तिचा फोटो घ्यावा. कधी कधी तिथे डेटाबेस नव्हे, तर डेटाच्या फायली तपासत बसलेला अँटिव्हायरसच सापडतो. त्यानंतर चालू क्वेरी दाखवणारा एसक्यूएल सर्व्हरचा ॲक्टिव्हिटी मॉनिटर किंवा मायएसक्यूएलमधील ‘शो फुल प्रोसेसलिस्ट’चे उत्तर जतन करावे, आणि त्या वेळी कोणता रिपोर्ट चालू होता ते लिहून ठेवावे.

वार्षिक देखभाल करारात आम्ही एसक्यूएल सर्व्हर २०१६ व पुढील आवृत्त्यांवर क्वेरी स्टोअर (क्वेरींचा इतिहास नोंदवणारी सोय) चालू करून देतो. त्याची नोंद डेटाबेसमध्येच राहत असल्याने रीस्टार्टनंतरही ती मिळते. मायएसक्यूएलमध्ये संथ क्वेरींची नोंद मुळात बंद असते आणि १० सेकंदांहून अधिक वेळ घेणारी क्वेरीच तिच्यात संथ धरली जाते; ही नोंद आम्ही चालू करून ती मर्यादा २ सेकंदांवर आणतो. करार नसलेल्या ग्राहकांसाठी हेच काम एकवेळच्या शुल्कात होते.

सर्व्हरवर लॉगिनही होत नसेल, तर मात्र थांबू नये. वेळ टिपून रीस्टार्ट करावा आणि आम्हांला तसे सांगावे.