ब्लोअरवर नायट्रस: जोडी जुनीच, जागा बदलली

सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा ब्लोअर, असलेल्या इंजिनाला वरून आणखी नायट्रस (नायट्रस ऑक्साइड हा वायू) लावायचं म्हटलं, की कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातला कुठलाही मुरलेला मेस्त्री आधी नकारार्थी मान हलवतो. "पिस्टनला भोक पडंल," एवढंच त्याचं म्हणणं. ते खोटं नाही. पण ही जोडी म्हणजे हौशी अमेरिकी पोरांनी काढलेलं खूळ, असा जो समज आहे तो मात्र बरोबर नाही. इंजिनाची ताकद वाढवायला नायट्रसचा पद्धतशीर वापर सुरू झाला तोच सुपरचार्जर असलेल्या इंजिनांवर, आणि तोही १९४० च्या सुमारास, लढाऊ विमानांत.

आधी ब्लोअर. कोल्हापूरकरांना तो गाडीपेक्षा फाउंड्रीतून जास्त ओळखीचा. लोखंड वितळवायच्या कुपोला भट्टीत कोक धगधगता ठेवायला हवा जोरानं आत सोडावी लागते, हे शिरोली किंवा गोकुळ शिरगावात कास्टिंगच्या धंद्यात वाढलेल्याला सांगायला नको. अमेरिकेच्या इंडियाना राज्यातल्या फिलँडर आणि फ्रान्सिस रूट्स या भावांनी १८६० मध्ये ज्या यंत्राचं पेटंट घेतलं, ते असल्याच कामाचं होतं. दोन रोटर एकमेकांत गुंतून फिरतात, पण एकमेकांना टेकत नाहीत. बॉडी आणि रोटर यांच्यामधल्या पोकळीत हवा अडकते आणि पुढं ढकलली जाते. ब्लोअरच्या आत हवा दबत नाही. ती पुढं मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरकडं हवा नेणाऱ्या नळ्यांत, साचते तेव्हा दाब चढतो, आणि दाबाबरोबर हवा तापते. या तापण्याचा हिशेब पुढं लागणार आहे.

इंजिनात हवा दाबून भरायची कल्पना गॉटलिब डाइमलर यांनी १८८५ मध्येच पेटंटात मांडली होती. मर्सिडीजच्या सुपरचार्जर लावलेल्या मोटारी १९२१ मध्ये लोकांसमोर आल्या. ट्रकशी या यंत्राचा खरा संबंध आला तो १९३८ मध्ये, जनरल मोटर्सच्या ७१ मालिकेतल्या टू-स्ट्रोक डिझेल इंजिनांमुळे. टू-स्ट्रोक डिझेलला स्वतः हवा ओढता येत नाही, म्हणून कंपनीनं त्यावर रूट्स ब्लोअरच बसवला. पुढं ट्रक-बस भंगारात निघाल्या आणि त्यांचे ब्लोअर शर्यतवाल्यांनी उचलून पेट्रोलच्या व्ही-८ (आठ सिलिंडरच्या) इंजिनांवर चढवले. आजही ड्रॅग रेसिंगमध्ये '६-७१' म्हणतात ते सहा सिलिंडरच्या त्या डिझेलवरून. बॉनेटमधून वर डोकावणारं ते चकचकीत धूड मुळात मालवाहू गाडीचं आहे!

आता नायट्रस. जोसेफ प्रीस्टली यांनी १७७२ मध्ये हा वायू वेगळा केला, १७९९ मध्ये हंफ्री डेव्ही यांनी तो स्वतः हुंगून पाहिला, आणि १८४४ मध्ये होरेस वेल्स यांनी दात काढताना भूल म्हणून वापरला. तिथून तो दवाखान्यात स्थिरावला. गंमत अशी, की हा वायू स्वतः जळत नाही. साधारण ३०० अंशांच्या पुढं त्याचे रेणू फुटतात, नायट्रोजन सुटा होतो आणि ऑक्सिजन मोकळा मिळतो. हवेत वजनानं २३ टक्के ऑक्सिजन असतो, नायट्रसमध्ये ३६ टक्के. म्हणजे ताकद देतं ते जादा इंधनच, नायट्रस फक्त ते जाळायची सोय करतो. ज्याला हे कळलं नाही, त्यानं नायट्रस बसवायच्या किटला हात लावू नये.

दुसऱ्या महायुद्धात जर्मन हवाई दलानं ही सोय 'जीएम-१' या नावानं वापरली. विमानाच्या सुपरचार्जरला एक ठरावीक उंची असते. तिच्यावर गेलं की हवा इतकी विरळ होते की ब्लोअर कितीही फिरला तरी सिलिंडर भरत नाही. नेमकी तिथं मेसरश्मिट १०९ या लढाऊ विमानाच्या काही प्रकारांत सुपरचार्जरच्या तोंडाशी नायट्रस सोडला जाई. पुढं पुढं तो थंड द्रवरूपात, उष्णतारोधक टाकीत नेऊ लागले, कारण जाड पोलादी बाटल्यांचं ओझं विमानाला परवडेना. ब्रिटिशांनीही १९४४ मध्ये काही मॉस्किटो विमानांच्या मर्लिन इंजिनांना हाच उपाय केला.

मला या इतिहासातली महत्त्वाची गोष्ट वाटते ती हीच. विमानात नायट्रस उणीव भरून काढत होता. उंचीमुळे सिलिंडरमधला दाब आधीच उतरलेला असे, तो इंजिनाला झेपेल तिथपर्यंत परत नेला जाई. जमिनीवरच्या गाडीचं उलटं. तिथं ब्लोअर पूर्ण जोरात आहे, दाब मर्यादेला टेकलाय, आणि त्याच्यावर नायट्रस येतो. यंत्रं तीच, पण एकीकडं खड्डा बुजवला जातो आणि दुसरीकडं शिगोशीग भरलेल्या मापावर आणखी ओतलं जातं. नंतरच्या काळात सुरक्षिततेचे जे काही नियम तयार झाले, ते या फरकातून आले.

युद्धानंतर नायट्रस बरीच वर्षं शर्यतवाल्यांचं गुपित होतं. १९७६ च्या डेटोना ५०० या अमेरिकी मोटार शर्यतीत पात्रता फेरीतल्या वेळा रद्द होण्यापर्यंत प्रकरण गेलं. १९७८ मध्ये कॅलिफोर्नियात 'एनओएस' (नायट्रस ऑक्साइड सिस्टिम्स) कंपनी निघाली आणि तयार किट दुकानात मिळू लागलं. मग १९९९ मध्ये फोर्डनं एफ-१५० लाइटनिंग हा पिकअप ट्रक ५.४ लिटर व्ही-८ आणि रूट्स पद्धतीचा ईटन सुपरचार्जर घालून आणला. ताकद ३६० हॉर्सपॉवर, २००१ पासून ३८०. असा ट्रक शोरूममधूनच मिळाल्यावर लोक नायट्रसकडं वळले नसते तरच नवल. या इंजिनाचे मूळ कनेक्टिंग रॉड (पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणारे दांडे) मात्र त्याची नाजूक बाजू मानली जाते.

तिथल्या जाणत्या लोकांची रीत साधी आहे. सुरुवात ५० हॉर्सपॉवरच्या लहान जेटनं, म्हणजे नायट्रस सोडणाऱ्या बारीक छिद्रानं, करायची. दर ५० हॉर्सपॉवरमागे इग्निशन टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) साधारण २ अंश मागं घ्यायचं, स्पार्क प्लग एक नंबर थंड, म्हणजे कमी तापणारा, घ्यायचा. नायट्रस फक्त पूर्ण एक्सलेटरवर आणि साधारण ३,००० आरपीएमच्या पुढंच सुटेल, असा स्विच बसवायचा. कमी आरपीएमवर सोडला तर सगळा दाब संथ चालणाऱ्या पिस्टनवर येतो आणि रॉड वाकतो. रेव्ह लिमिटर (आरपीएमची कमाल मर्यादा) लागण्याआधी नायट्रस बंदही झाला पाहिजे. सगळ्यात महत्त्वाचा फ्युएल प्रेशर स्विच: पंप कमी पडला की नायट्रस आपोआप तुटला पाहिजे. नायट्रस आला आणि पेट्रोल आलं नाही, तर नॉकिंग (सिलिंडरमध्ये इंधन अवेळी भडकणं) सुरू होतं आणि मेस्त्री म्हणतो तसं भोक पडायला काही सेकंद पुरतात. एक फायदाही आहे. द्रवरूप नायट्रस उकळतो उणे ८८ अंशांना, त्यामुळं ब्लोअरनं तापवलेली हवा तो चांगलीच गार करतो.

डिझेलवाल्यांचं गणित वेगळं. डिझेल पंपाचा स्क्रू पिळून जादा डिझेल सोडून काळा धूर काढणाऱ्या गाडीत न जळलेलं इंधन आधीच शिल्लक असतं, म्हणून वेगळं इंधन न देता नुसता नायट्रस दिला तरी ताकद वाढते. जाळ अन् धूर संगटच! हेड गॅस्केट आणि पिस्टन मात्र तिथंही तेच भोगतात.

आपल्याकडं रस्त्यावरच्या गाडीला हे करता येत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ रचनेत असा बदल चालत नाही. दवाखान्याचा निळा सिलिंडर आणून जोडणं हा तर वेगळाच गुन्हा ओढवून घेण्याचा प्रकार. जे काही करायचं ते बंद ट्रॅकवर, आणि बाटली सेफ्टी डिस्क (दाब फार चढला की फुटून वायू सोडणारी चकती) असलेली, तिची नळी गाडीबाहेर काढलेली.

बाटलीचं तापमान हा आपल्या गावाला जास्त लागू होणारा मुद्दा. २० अंशांना बाटलीत साधारण ५० बार दाब असतो, किटवाल्यांना तो ६२ ते ६९ बारच्या दरम्यान हवा असतो. ३६.४ अंशांच्या वर नायट्रस द्रवरूपात राहूच शकत नाही. एप्रिल-मेमध्ये कोल्हापूरचा पारा ३८ च्या आसपास जातो आणि उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत त्याच्याही बराच वर. तेव्हा दाब भरमसाट चढतो, जेटमधून किती वायू जाईल याचा भरवसा उरत नाही, आणि पेट्रोलशी लावलेलं माप कोलमडतं. अमेरिकी किटसोबत बाटली ऊबदार ठेवायला हीटर घेतात. इथं उन्हाळ्यात तो खोक्यातच पडून राहील, आणि बाटलीवर ओलं पोतं टाकावं लागेल.