महाग एचडीएमआय केबलने रंग खुलतात का?

"सोन्याचा मुलामा असलेली केबल वापरा, रंग जास्त खुलून दिसतील" असं एचडीएमआय केबलच्या (टीव्हीला प्लेअर किंवा गेम कन्सोल जोडणारी डिजिटल केबल) जाहिरातीत सर्रास लिहिलेलं असतं आणि चांगली शिकलीसवरलेली माणसंसुद्धा ते वाचून चौपट पैसे मोजतात. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण त्या केबलमध्ये जे चाललेलं असतं ते इतकं सुंदर आहे की एकदा कळलं की या दाव्यातला फोलपणा आपोआप दिसतो.

आधी जुन्या ॲनालॉग केबलबद्दल थोडक्यात. टीव्हीच्या मागे पिवळी, पांढरी, लाल अशा तीन पिना असतात, त्यातल्या पांढरी-लाल आवाजाच्या आणि पिवळी म्हणजे कंपोझिट व्हिडिओ. या एका पिवळ्या वायरीत चित्राचा उजेड आणि रंग दोन्ही एकत्र कोंबलेले असतात, पाल (आपल्याकडची जुनी रंगीत टीव्हीची) पद्धतीत रंगाची माहिती ४.४३ मेगाहर्ट्झच्या लहरीवर बसून त्याच वायरीतून येते आणि टीव्हीला ती पुन्हा वेगळी काढावी लागते, जे शंभर टक्के जमत नाही. बारीक पट्ट्यांचा शर्ट घातलेला माणूस पडद्यावर आला की शर्टावर इंद्रधनुषी रंग सळसळताना तुम्ही पाहिले असतील. त्या पट्ट्यांची फ्रिक्वेन्सी रंगाच्या लहरीच्या जवळ जाते आणि टीव्ही पट्ट्यांनाच रंग समजून बसतो. एस-व्हिडिओमध्ये उजेड आणि रंग वेगळ्या वायरींतून नेले, कंपोनंटमध्ये (हिरवी, निळी, लाल पिन) रंगाचेही दोन भाग केले. कंपोनंटला कमी लेखू नका, एचडी चित्र त्यातून छान जातं.

पण या सगळ्या प्रकारांत एक गोष्ट समान आहे, वायरीतलं व्होल्टेज हेच चित्र असतं. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतचा सगळा प्रवास जेमतेम ०.७ व्होल्टमध्ये बसवलेला असतो, त्यामुळे वाटेत जे काही बिघडेल ते थेट पडद्यावर उमटतं. केबल लांब झाली की वरच्या फ्रिक्वेन्सी आधी गळतात आणि चित्राच्या कडा मऊ होतात, केबल ७५ ओहमची (ओहम म्हणजे सिग्नलला होणाऱ्या अडथळ्याचं माप, ते टीव्हीच्या मापाशी जुळावं लागतं) नसली की सिग्नल टोकाला आपटून परत फिरतो आणि प्रत्येक आकृतीच्या बाजूला पुसट सावली दिसते. म्हणजे "चांगली केबल, चांगलं चित्र" हे ॲनालॉगच्या काळात अगदी खरं होतं. गोंधळ झाला तो तेच वाक्य डिजिटलला, म्हणजे चित्र ० आणि १ च्या (यांनाच बिट म्हणतात) रांगांत पाठवणाऱ्या एचडीएमआयला, चिकटवल्यामुळे.

एचडीएमआयचा पहिला आराखडा डिसेंबर २००२ मध्ये आला. त्यात चित्रासाठी तीन जोड्या आणि ठेका धरायला घड्याळाची एक जोडी असते. जोडी अशासाठी की एका तारेत व्होल्टेज वर गेलं की दुसरीत तेवढंच खाली जातं आणि टीव्ही फक्त दोघांतला फरक बघतो, बाहेरचा खरखराट दोन्ही तारांवर सारखाच पडतो म्हणून वजाबाकीत उडून जातो. सेकंदाला ६० फ्रेमच्या १०८०पी चित्रात एका जोडीतून सेकंदाला १४८ कोटी ५० लाख बिट जातात. म्हणजे एका बिटाला ०.६७ नॅनोसेकंद मिळतो. सिग्नल केबलमधून प्रकाशाच्या साधारण दोन-तृतीयांश वेगाने धावतो असं धरलं तर एका बिटाची लांबी सुमारे साडेतेरा सेंटिमीटर भरते आणि दोन मीटरच्या केबलमधल्या एका जोडीत कुठल्याही क्षणी जेमतेम पंधरा बिट एकामागोमाग धावत असतात!

आता खरी गंमत. एवढ्या वेगात ० चा १ आणि १ चा ० वारंवार होत राहिला तर केबलची दमछाक होते, कारण प्रत्येक उडी म्हणजे वरच्या फ्रिक्वेन्सी आणि त्याच आधी गळतात, शिवाय केबल अँटेनासारखी आजूबाजूला लहरीही फेकते. म्हणून आठ-आठ बिटांची प्रत्येक रांग पाठवायच्या आधी ती नव्याने लिहितात. नियम असा, पहिला बिट जसाच्या तसा लिहायचा, मग आत्ताच लिहिलेला बिट आणि मूळ रांगेतला पुढचा बिट यांची तुलना करायची, सारखे असतील तर ० लिहायचा, वेगळे असतील तर १. कागदावर १०१०१०१० घेऊन करून बघा. येतं ११००११००. मूळ रांगेत सात उड्या होत्या, आता तीनच राहिल्या, आणि टीव्हीला उलट हिशोब करून मूळ रांग परत मिळते, काहीही हरवत नाही.

पण हाच नियम ११११११११ ला लावला तर १०१०१०१० येतं, म्हणजे जिथे एकही उडी नव्हती तिथे सात झाल्या. अशा रांगांसाठी उलटा नियम वापरतात, सारखे असतील तर १, आणि कुठला नियम वापरला ते नववा बिट सांगतो. प्रत्यक्षात पाठवतात दहा बिट, मग दहावा कशाला? तर आजवर १ जास्त गेले की ० याची टीपण सतत ठेवलेली असते, एक बाजू जड झाली की आठही बिट उलटे (० चा १, १ चा ०) करून पाठवतात आणि "उलटे केलेत" हे दहावा बिट सांगतो, नाहीतर सरासरी व्होल्टेज हळूहळू एका बाजूला सरकून ० कुठला आणि १ कुठला हे ठरवणं अवघड होईल. दहा बिटांच्या १०२४ शक्य रांगांपैकी चित्रासाठी फक्त ४६० वापरतात आणि त्यांत पाचपेक्षा जास्त उड्या कधीच नसतात. चार वेगळ्या रांगांत मात्र मुद्दाम सात-आठ उड्या ठेवल्यात. त्या चित्राच्या ओळींमधल्या रिकाम्या वेळात पाठवतात, त्यावरून टीव्हीला कळतं की दहाची रांग नेमकी कुठून सुरू होते.

आता सोन्याच्या मुलाम्याकडे या. लाल रंग "खुलायचा" तर केबलने लाखो पिक्सेलांत (चित्राच्या ठिपक्यांत) नेमके लाल रंगाचेच बिट, तेही नेमके चढत्या बाजूला बदलायला हवेत, आणि तांब्याच्या तारेला पिक्सेल म्हणजे काय हेच माहीत नसतं. केबल कमी पडली तर जे होतं ते एकदम वेगळं दिसतं. मधूनच एखादा पिक्सेल चमचम करतो, मग चमचम वाढते, मग पडदा क्षणभर काळा होतो. सोनं गंजत नाही म्हणून पिनेवर असलं तर चांगलंच, पण चित्राशी त्याचा संबंध तेवढाच. केबल काही तास चालवून "मुरवावी" लागते हा दावाही करतात, त्याला कसलाही आधार नाही. काही केबलांवर दिशा दाखवणारा बाण असतो, त्या खुणेचं मात्र नीट समजून घ्या. साध्या तांब्याच्या केबलवरच्या बाणाला अर्थ नसतो, पण लांब अंतराच्या ॲक्टिव्ह (आत सिग्नल सावरणारी चिप असलेल्या) किंवा ऑप्टिकल (प्रकाशाने सिग्नल नेणाऱ्या) केबलला दिशा खरोखर असते, ती उलटी लावली तर चित्र येत नाही.

मग घ्यायची कुठली? वेग आणि लांबी बघा. ६० फ्रेमच्या ४के साठी सेकंदाला १८ गिगाबिटची (एक गिगाबिट म्हणजे शंभर कोटी बिट) प्रीमियम हाय स्पीड, १२० फ्रेमच्या ४के साठी ४८ गिगाबिटची अल्ट्रा हाय स्पीड, दोन्हींच्या पाकिटावर स्कॅन करून तपासता येणारं लेबल असतं. लांबी गरजेपुरतीच घ्या. जुन्या प्लेअरला किंवा गेम कन्सोलला फक्त ॲनालॉग पिना असतील तर आधी कंपोनंट, नसेल तर एस-व्हिडिओ, तेही नसेल तर पिवळी. पिवळ्या पिनेतून एचडीएमआय करून देणारा डबा लावला तर टीव्हीला जोडणी मिळते, पण एकदा मिसळलेले रंग आणि उजेड तो पूर्ण वेगळे करू शकत नाही.

ब्लू-रे प्लेअर असेल तर पर्यायच उरत नाही. कॉपी होऊ नये म्हणून परवान्याची अटच अशी आहे की २०१० नंतर बनवलेले प्लेअर संरक्षित डिस्कचं चित्र ॲनालॉगमधून फक्त साध्या दर्जाचं देतात आणि २०१३ नंतर बनवलेले देतच नाहीत. तिथे एचडीएमआयच लावावी लागते. ती लावून चमचम दिसली तर आधी रिझोल्यूशन (चित्रातल्या पिक्सेलांची संख्या) एक पायरी उतरवून बघा, चमचम थांबली तर बहुतेक केबलच कमी पडतेय, तीच लांबी कमी करून किंवा वरच्या वर्गातली घेऊन बदला.