धर्मप्राधान्याचा प्रश्न (मराठवाडा)

एखाद्या धर्माला किंवा विचारसरणीला इतरांहून वरचे स्थान द्यावे का, या प्रश्नात खरे तर दोन प्रश्न मिसळलेले असतात. कोणता मार्ग पटतो, हे माणसाने ठरवायचे. कोणाच्या पाठीशी राजसत्तेने उभे राहायचे, ही निराळी बाब. मराठवाड्याच्या इतिहासात हा फरक वारंवार दिसतो.

वेरूळच्या ३४ लेण्यांपैकी पहिली १२ बौद्ध, पुढची १७ हिंदू आणि शेवटची ५ जैन आहेत. सर्व धर्म सारखेच, याचा पुरावा म्हणून ती दाखवली जातात. हा अर्थ घाईचा आहे. बौद्ध, शैव आणि जैन आचार्य एकमेकांचे सिद्धान्त हिरिरीने खोडत असत. डोंगर मात्र एकच होता. सोळाव्या शतकात पैठणच्या एकनाथांनी ‘हिंदु-तुर्क संवाद’ या भारुडात दोघांनाही एकमेकांची उणीदुणी मोकळेपणाने काढू दिली आणि शेवट समेटात केला. वाद दडपून मिळवलेला तो सलोखा नव्हे, म्हणूनच तो आजही खरा वाटतो.

निजामाच्या राज्यात धार्मिक बाबींसाठी ‘उमूर-ए-मजहबी’ हे खाते होते. मशिदी-दर्ग्यांप्रमाणे देवळांच्या सेवेसाठीही खिदमतमाश इनामे (सेवेच्या मोबदल्यात दिलेली इनामे) असत. पण इनामाची सनद ही राजाची मेहेरबानी. तिच्यावर हक्क सांगता येत नाही. हक्क आला तो राज्यघटनेने. अनुच्छेद २५ सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य देतो, तर विशिष्ट धर्माच्या प्रसारासाठी कर द्यायला कोणालाही भाग पाडता येत नाही, असे अनुच्छेद २७ सांगतो.

मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वतः मात्र सर्व धर्म सारखेच चांगले असे मानत नव्हते. स्वातंत्र्य, समता, बंधुता या कसोटीवर धर्म पारखावा, हा त्यांचा आग्रह होता आणि १९५६ मध्ये त्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला. यात विसंगती शोधणारे चुकतात: निवड त्यांची होती, राज्याची नव्हे.

१९५० मध्ये त्यांनी औरंगाबादेत (आता छत्रपती संभाजीनगर) काढलेले महाविद्यालय पुढे मिलिंद महाविद्यालय या नावाने ओळखले गेले, परिसर नागसेनवन. ही दोन्ही नावे ‘मिलिंदपन्ह’ या पाली ग्रंथातली. त्यात ग्रीक राजा मिलिंदाने वादाला बोलावले तेव्हा भिक्खू नागसेनांनी आधी अट घातली होती, ‘पंडितासारखा वाद करणार असाल तर बोलतो, राजासारखा करणार असाल तर नाही.’ कारण राजाचे म्हणणे खोडले की तो शिक्षा करतो. मिलिंदाने अट मान्य केली.