व्हायवात ‘माहीत नाही’ म्हटलं की पदवी गेली?

पीएचडीच्या व्हायवात, म्हणजे प्रबंधावरच्या तोंडी परीक्षेत, एकदा जरी ‘माहीत नाही’ म्हणालात तर सगळं संपलं, असं संशोधक विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षं ऐकवलं जातं. तसं काही नसतं. परीक्षकांनी प्रबंध आधीच वाचलेला असतो, बहुतेक ठिकाणी त्यावर अहवालही देऊन झालेला असतो. आता त्यांना बघायचं असतं, की हे काम तुमचंच आहे का आणि त्याच्या मर्यादा तुम्हाला कळतात का.

म्हणून अडलात तर थापा मारू नका. समोरचा त्याच विषयात मुरलेला असतो, लगेच पकडतो. ‘हा भाग मी तपासला नाही, तपासायचा झाला तर नमुना वाढवून पाहीन’, हे उत्तर चालतं.

मात्र स्वतःच्याच तक्त्यातला आकडा कुठून आला, हीच पद्धत का निवडली, इथे ‘माहीत नाही’ खरंच महागात पडतं. तयारीचा वेळ तिथेच घालवा. प्रबंधाची छापील प्रत पुन्हा वाचा, खुणेच्या चिठ्ठ्या लावा आणि सापडलेल्या चुकांची यादी सोबत न्या. (सापडतातच.) यादी दाखवली की पत जाते, हीसुद्धा अफवाच, किरकोळ दुरुस्त्या सांगून पास करणं हा अगदी नेहमीचा निकाल आहे.